भीमसेनमधला भ

गाणं ऐकायला टीव्ही लावावा लागू नये, एवढीच माझी मागणी होती. आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक संगणक आहे. सिनेमे, फोटो, घरचे व्हिडिओ त्यात आहेत, आणि मुख्य म्हणजे बाबांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं सगळं गाणं आहे. आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली, मित्रांकडून आणलेल्या टेपांच्या नकला, सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री ऐकून आल्यावर शोधून शोधून मिळवलेली रेकॉर्डिंग्ज. बाबा गेले आणि कपाटातल्या त्या कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा मी एकेक बाजू लावून त्या संगणकात घेतल्या. संगणकावर डेबियन लिनक्स आहे. गाणी वाजवण्याचं काम एमपीडी करतो, सिनेमांचं कोडी. आवाज थेट ॲम्प्लिफायरला जातो, त्यामुळे गाण्यासाठी पडद्याची खरं तर काहीच गरज नाही. पण आता काय वाजतंय हे बघायचं तर एवढा मोठा टीव्ही लावावा लागायचा.

आईला ते सहन होत नसे. दुपारी पडदे ओढून, डोळे मिटून ऐकण्याची तिची सवय. समोर भगभगीत पडदा लागला की तिचं ऐकणं संपलं. ती टीव्ही बंद ठेवायची आणि मग अनोळखी आवाज आला की आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायची, "कोण गातंय रे हे?" मी घरी असलो तर उत्तर मिळे. नसलो तर तो प्रश्न संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यात राहायचा, आणि तोवर ते गाणं नेमकं कुठलं होतं हे शोधणं अवघड होऊन बसायचं. बाबांच्या काळात असं होत नव्हतं, कारण कॅसेटचं कव्हर डेकवर उभं करून ठेवलेलं असे.

म्हणून मला दर्शनी बाजूला छोटा डिस्प्ले असलेलं कॅबिनेट हवं होतं. साधारण २००५ ते २०१० या काळात 'मीडिया सेंटर' संगणकांची हवा होती, तेव्हा अशी कॅबिनेटं बऱ्याच कंपन्या काढत. आडवी, रुंद, बुटकी, टीव्हीशेजारी ठेवली तर संगणक वाटू नयेत अशी. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात जुन्या मालात मला तसं एक मिळालं. काळं ॲल्युमिनियम, उजवीकडे आवाजाचं गोल बटण आणि मधोमध काचेमागे बोटभर उंचीची लांबट पट्टी. दुकानदार सरळ माणूस होता. त्याने पैसे घेण्याआधीच सांगितलं, "डिस्प्लेची सीडी विंडोजची आहे. लिनक्सवर नाही चालणार. तो शोभेचा धरा." किंमतही त्याने त्या हिशेबानेच लावली.

शोभेचा धरायची माझी तयारी नव्हती. जे उपकरण मी विकत घेतलं, ज्यात वीज जाते, दिवा लागतो, ते एका सीडीपाशी अडून राहावं हे मला पटत नाही. त्याच्याशी बोलायचं कसं एवढं कळलं की ते आपलं होतं. आणि लिनक्सच्या जगात हे 'कसं' बहुतेक वेळा कुणीतरी आधीच शोधून ठेवलेलं असतं, फक्त ते वाचावं लागतं.

कॅबिनेटच्या पोटात डिस्प्लेची एक यूएसबी वायर होती. मदरबोर्डवर यूएसबीच्या उघड्या पिना असतात, त्यांवर ती बसवली. संगणक सुरू केल्यावर काचेमागचा निळसर दिवा लागला, पण अक्षर एकही नाही. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी काढली तर त्यात एक ओळ नवी होती: '१५सी२:एफएफडीसी'. कोलनच्या आधीचा आकडा कंपनीचा, नंतरचा वस्तूचा. म्हणजे हा 'आयमॉन' मालिकेतला डिस्प्ले. यादीत त्याचं नाव मात्र 'आयमॉन पॅड रिमोट कंट्रोलर' असं होतं. रिमोटचा डोळा आणि डिस्प्ले एकाच यूएसबी उपकरणात बसवलेले असल्यामुळे नाव रिमोटचं आणि डिस्प्लेचा उल्लेखच नाही.

रिमोट लगेच चालला. लिनक्सच्या कर्नेलमध्ये 'आयमॉन' नावाचा ड्रायव्हर २०१० पासून, म्हणजे २.६.३५ या आवृत्तीपासून आहे. त्याने उपकरण ओळखलं, रिमोटची बटणं कीबोर्डच्या कळांसारखी पोहोचवायला सुरुवात केली आणि डिस्प्लेसाठी 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'एलसीडी०' नावाची एक फाइल तयार केली. लिनक्समध्ये बहुतेक उपकरणं अशी फाइलच्या रूपात समोर येतात. फाइलमध्ये लिहिलं की उपकरणाला पोहोचतं. मी लिहिलं. पट्टी जशीच्या तशी.

कर्नेलच्या संदेशांमध्ये कारण होतं. 'एफएफडीसी' हा एकच क्रमांक कितीतरी वेगवेगळ्या वस्तूंना दिलेला आहे. काहींना व्हीएफडी डिस्प्ले, काहींना एलसीडी, काहींना नुसतं गोल बटण, काहींना डिस्प्लेच नाही. क्रमांकावरून ओळख पटत नाही, म्हणून ड्रायव्हर उपकरणाकडून आलेल्या पॅकेटमधला सातवा बाइट पाहतो. कुठल्या किमतीचा अर्थ काय, याची यादी त्याच्यात आहे. किंमत त्या यादीत नसेल तर 'व्हीएफडी असावा' असं धरून तो पुढे जातो. माझ्या उपकरणाची किंमत त्या यादीत नव्हती, आणि काचेमागे होती एलसीडी.

हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून जरा थांबून सांगतो. व्हीएफडी आमच्या पिढीने व्हीसीआरवर पाहिलेला असतो. निर्वात काचेच्या आत बारीक तापलेल्या तारा, त्यांतून सुटणारे इलेक्ट्रॉन, ते जिथे आदळतात तिथे फॉस्फरचा लेप, आणि त्यातून येणारा तो निळसर हिरवा उजेड. १९६० च्या दशकात जपानमध्ये हे तंत्र जन्माला आलं आणि घड्याळांपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळीकडे पोहोचलं. दिसायला ते एलसीडीपेक्षा कितीतरी देखणं आहे, असं माझं आजही मत आहे. पण आयमॉनच्या व्हीएफडीला अक्षरं पाठवायची असतात: सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी, एकूण ३२. त्या अक्षरांचे आकार डिस्प्लेच्या आत कायमचे कोरलेले. त्यात देवनागरी नाही. आयमॉनच्या एलसीडीला मात्र एकही अक्षर येत नाही. तिच्याकडे आहेत फक्त ठिपके, ९६ आडवे आणि १६ उभे. कुठला ठिपका काळा करायचा ते आपण सांगायचं. म्हणजे दोघांपैकी मराठी लिहून घेता येईल अशी तीच.

ड्रायव्हरला डिस्प्लेचा प्रकार हाताने सांगायची सोय आहे. ० म्हणजे तूच ओळख, १ म्हणजे व्हीएफडी, २ म्हणजे एलसीडी. 'मॉडप्रोब' च्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून त्यात आयमॉनसाठी डिस्प्लेचा प्रकार २ लिहिला आणि ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. आता कर्नेल एलसीडी म्हणू लागला.

त्यानंतरचं काम एलसीडीप्रॉकचं. अशा छोट्या पडद्यांसाठीच केलेला हा जुना, भरवशाचा प्रोग्राम. त्याचा एक भाग सेवकासारखा मागे चालू राहतो आणि १३६६६ या पोर्टवर ऐकत बसतो. ज्या कुणाला पडद्यावर काही दाखवायचं असेल त्याने त्या पोर्टवर जाऊन साध्या इंग्रजी आज्ञा द्यायच्या. त्याची सेटिंगची फाइल लांबलचक आहे, पण त्यातल्या दोनच ओळींवर सगळं अडतं. एक ड्रायव्हरांच्या फोल्डरचा पत्ता, ज्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. आणि दुसरी 'प्रोटोकॉल'. 'एफएफडीसी' क्रमांकाच्या एलसीडीला तिथे ० लागतं, '००३८' क्रमांकाच्या नव्या एलसीडीला १. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण त्यांना द्यायचे हुकूम वेगळे.

सेवक सुरू केला आणि पट्टीवर अक्षरं उमटली. मी टर्मिनलमधून त्या पोर्टला जोडून घेतलं, 'हॅलो' लिहिलं. उत्तर आलं: रुंदी १६, उंची २, एकेका अक्षराचा चौकोन किती ठिपक्यांचा तेही. मग एक पाटी तयार करायची आज्ञा, तिच्यावर एक ओळ, त्या ओळीत मजकूर. प्रत्येक आज्ञेला 'सक्सेस' असं उत्तर येत होतं. ज्याला शोभेचा धरा म्हटलं गेलं होतं तो डिस्प्ले मी लिहीन ते दाखवत होता. त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला.

सकाळी एमपीडीतल्या गाण्याचं नाव तिथे पाठवलं. पट्टीभर निरर्थक खुणा. कारण सरळ होतं. बाबांनी कॅसेटींच्या आतल्या कागदावर मराठीत नावं लिहिली होती आणि मी ती तशीच मराठीत टॅगमध्ये भरली होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एलसीडीप्रॉक एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून चालतो आणि त्याच्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. म्हणजे एका अक्षराच्या जागी तीन खुणा, आणि सोळा जागांमध्ये जेमतेम पाच चिन्हं मावणार. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे लक्षात घेतलं, तर 'वसंतराव' सुद्धा पुरं होत नाही.

सगळे टॅग इंग्रजी लिपीत करून टाकायचे, हा मार्ग होता. एका प्रोग्रामने ते काम मिनिटभरात झालं असतं. ते मला करायचं नव्हतं. आईला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण ती त्यांच्यापाशी अडखळते, आणि आपल्याच गायकाचं नाव आपल्या घरात तिने अडखळत का वाचावं? शिवाय ९६ बाय १६ ठिपक्यांवर देवनागरी मावते की नाही, हे कुणी आजमावल्याशिवाय कळणार नव्हतं.

म्हणून एलसीडीप्रॉकमधला या डिस्प्लेचा भाग आणि कर्नेलमधला ड्रायव्हर, दोन्हींचे मूळ प्रोग्राम वाचायला घेतले. हे वाचन मला मनापासून आवडलं. कर्नेलमधल्या फाइलच्या माथ्यावर त्या कामाचा इतिहासच आहे. वेंकी राजू यांनी २००४ मध्ये लिहिलेला मूळ ड्रायव्हर, त्यावर जॅरड विल्सन यांनी २०१० मध्ये उभा केलेला नवा, आणि त्याखाली आभार. 'एफएफडीसी' क्रमांकाची उपकरणं नीट चालावीत म्हणून एकाने आपलं उपकरण विल्सन यांना पाठवून दिलं. इतर कितीतरी मालकांनी आपापल्या घरी चाचण्या केल्या, नोंदी काढून कळवल्या. त्या सातव्या बाइटच्या किमतींची यादी अशी घराघरांतून गोळा झालेली आहे. ही माणसं एकमेकांना भेटलेलीही नसतील. त्यांनी हे केलं नसतं तर दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि जगभरची ही कॅबिनेटं मुकीच राहिली असती.

वाचनातून जे हाती आलं ते असं. एलसीडीला दर वेळी बरोबर आठ बाइट पाठवायचे. सात किंवा नऊ पाठवले तर ड्रायव्हर सरळ नकार देतो. आठांपैकी पहिले सात मजकुराचे, शेवटचा हुकमाचा. हुकूम १ असेल तर काचेवरची छोटी चित्रं लागतात-विझतात, चकतीचं चित्र, सुराचं, स्पीकरचं. सोळाच्या मोजणीत १० ते १२ हे हुकूम वर-खालच्या बारीक पट्ट्यांसाठी. आणि २० पासून ३बी पर्यंतचे २८ हुकूम चित्रासाठी. प्रत्येक हुकमाबरोबर सात बाइट, म्हणजे १९६. लागतात १९२, कारण ९६ गुणिले १६ ठिपके आणि एका बाइटमध्ये आठ ठिपके. एक बाइट म्हणजे आठ ठिपक्यांची उभी काडी. पहिल्या ९६ काड्या वरच्या अर्ध्या भागाच्या, पुढच्या ९६ खालच्या.

आणखी एक गोष्ट. ही फाइल एका वेळी एकालाच उघडता येते. एलसीडीप्रॉक चालू असेपर्यंत माझ्या प्रोग्रामला ती 'व्यग्र' म्हणून परत पाठवत होती. तेव्हा एलसीडीप्रॉकला मानाने निरोप दिला, डिस्प्ले जागा करण्याचे त्याचे हुकूम तेवढे उतरवून घेतले आणि पायथनमध्ये स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहायला बसलो.

पहिलं चित्र म्हणून वरून पाचव्या ओळीतले सगळे ९६ ठिपके काळे केले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ उमटली. शिरोरेषा. तिच्याखाली काही नव्हतं, तरी ती मराठीची रेघ आहे हे मला दिसत होतं.

अक्षरं काढण्यासाठी सुरुवातीला पिलो हे पायथनचं चित्रांचं साधन वापरलं. देवनागरीसाठी त्याच्याबरोबर राक्म नावाचा भाग लागतो. तो नसेल तर अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच मांडली जातात आणि 'किशोरी' मधली पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते. राक्म आल्यावर ती योग्य जागी आली, जोडाक्षरं जुळली, रफार वर गेले. मुक्त, मोफत मिळणारे चांगले देवनागरी फॉन्ट आता पुष्कळ आहेत. त्यांतले एकेक लावून पाहिले. मोठ्या आकारात सगळे सुरेख. पण १६ ठिपक्यांच्या उंचीत, राखाडी छटा नसलेल्या पडद्यावर, जिथे ठिपका एक तर आहे किंवा नाही, तिथे त्यांची फार ओढाताण होत होती.

तरी मी समाधानी होतो. आईला बोलावलं. भीमसेन लावले होते. ती चष्मा लावून वाकली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मीमसेन जोशी कोण?"

भ आणि म यांत फरक तो काय? भ च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते आणि डाव्या टोकाला छोटी गाठ असते. फॉन्ट लहान करताना ती तुटलेली जागा एका ठिपक्यापेक्षा अरुंद झाली आणि भरून गेली. ध आणि घ चं तेच. धारवाडचं घारवाड झालेलं होतं. वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं हे खरं, पण नाव चुकीचं लिहून संदर्भावर सोडणं आईला मान्य नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

"चौकटीचा कागद आण," ती म्हणाली.

आईने तरुणपणी दोसुतीवर पुष्कळ भरतकाम केलेलं आहे. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, भिंतीवरची गणपतीची चौकट. दोसुतीच्या कापडात चौकोन मोजून फुल्या घालायच्या असतात, त्यामुळे कुठलाही आकार आधी चौकटीच्या कागदावर बसवावा लागतो. त्या गणपतीखाली 'सुस्वागतम्' तिने स्वतः मोजून भरलेलं आहे. तिरकी रेघ चौकोनांत कशी पाडायची, गोलाई किती पायऱ्यांची केली तर गोल दिसते, कुठला चौकोन सोडला तर डोळा तो आपोआप भरून घेतो, हे तिच्या हातात आहे. मी तिला १६ चौकोनांची उंची आखून दिली. तिने तिची वाटणी केली: वरचे चार मात्रा, वेलांटी, रफार यांना, पाचवी ओळ शिरोरेषेची, मग आठ ओळी अक्षराच्या अंगाला आणि खालचे तीन उकारांना.

मग भ. तिने शिरोरेषेत दोन चौकोन मोकळे सोडले. "एक सोडलास तर लांबून दिसणार नाही. दोन सोड. आणि गाठीला फक्त तीन फुल्या दे, पूर्ण गोल करायला गेलास तर आत भरून जाईल." मी तो कागद पाहून ठिपके भरले. त्यासाठी पीबीएम नावाचा चित्राचा एक अगदी साधा प्रकार आहे. नेहमीच्या मजकुराची फाइल, वर रुंदी-उंची आणि खाली नुसते ० आणि १. आईची फुली म्हणजे १, मोकळा चौकोन म्हणजे ०. पट्टीवर भीमसेन उमटले ते भ सकट. समोरच्या सोफ्यावरून वाचता येत होते.

पुढची पद्धत त्यातूनच ठरली. प्रोग्राम नावाचे अक्षरागणिक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यासाठी आईने काढलेलं चित्र आहे का पाहतो. असेल तर ते घेतो, नसेल तर फॉन्टमधून तयार करून वापरतो आणि त्या अक्षराची नोंद एका यादीत करतो. ती यादी आईकडे जाते. आमच्या संग्रहातल्या गायकांच्या, नाटकांच्या नावांत अक्षरं पुन्हापुन्हा तीच येतात, त्यामुळे काम वाटलं होतं तेवढं अफाट नाही.

सगळ्यांत वेळ घेतला तो मल्लिकार्जुन मन्सूर यांनी. 'ल्लि' मध्ये वेलांटीचा फाटा पूर्ण जोडाक्षरावरून गेला पाहिजे. क वर जेवढा फाटा लागतो तेवढा इथे घेतला तर तो मध्येच तुटल्यासारखा दिसतो. आईने रुंद अक्षरांसाठी वेगळी, लांब फाट्याची वेलांटी केली. मग 'र्जु'. एकाच अक्षरावर रफार आणि त्याच्याच खाली उकार, म्हणजे सोळाच्या सोळा ओळी कामाला लागल्या. रफार पहिल्यांदा तिने मोठा काढला तर तो मात्रेसारखा वाचला जात होता. शेवटी तीन फुल्यांचा, वर वळलेला, शिरोरेषेला एका ठिकाणी टेकलेला रफार बसला. ज च्या आतली गाठ तिने काढूनच टाकली, फक्त वळण ठेवलं. कागदावर ते अक्षर विचित्र दिसतं. पट्टीवर, सहा-सात फुटांवरून, ते अचूक 'र्जु' आहे.

हे करताना फॉन्ट करणाऱ्यांबद्दलचा माझा आदर वाढला, हे मुद्दाम सांगायला हवं. आपल्या लिपीत अक्षराच्या वर आणि खाली किती घडामोडी चालतात, हे जागा कमी पडल्याशिवाय जाणवत नाही. रोमन लिपीची दोन ओळींची सोय ज्या उंचीत होते त्या उंचीत आपली एकच ओळ मावते. त्यात कमीपणा काही नाही. ती एक ओळ नीट मिळाली पाहिजे, एवढंच.

नाव ९६ ठिपक्यांत बसलं नाही तर काय, हा प्रश्न होता. बहुतेक छोटी उपकरणं अशा वेळी अक्षरं सरकवतात. मीही सरकवून पाहिली. या जातीच्या एलसीडीचे ठिपके सावकाश काळे होतात आणि सावकाश विरतात, त्यामुळे सरकताना शिरोरेषा तेवढी ठाम राहते आणि खालचं सगळं धुरकटतं. वयस्कर डोळ्यांना ते वाचवत नाही. आमची पट्टी सरकत नाही. 'मल्लिकार्जुन' येतं, काही सेकंद स्थिर राहतं, मग 'मन्सूर' येतं. शब्द मधे तोडायचा नाही हा नियम.

बाकीची जुळवाजुळव सोपी होती. एमपीडीला 'आयडल' अशी आज्ञा देऊन ठेवता येते. मग काही बदल होईपर्यंत तो गप्प राहतो आणि गाणं बदललं की कळवतो. त्यामुळे माझा प्रोग्राम एरवी झोपून असतो, गाणं बदललं की उठतो, नवं नाव विचारतो, चित्र करतो आणि २८ पॅकेटं पाठवतो. खालच्या बारीक पट्टीवर गाणं किती झालं ते दिसतं, बाजूला सुराचं चित्र लागतं. कोडीत सिनेमा चालू असेल तर त्याचं नाव ९०९० या पोर्टवरून कळतं. फाइलवर लिहायचा हक्क प्रोग्रामला मिळावा म्हणून एक नियम आणि संगणक सुरू होताच प्रोग्राम सुरू व्हावा म्हणून एक सेवा, हे दोन्ही नेहमीचं. संगणक बंद करताना डिस्प्लेला वेळ सांगून ठेवता येते, कारण त्याच्यात स्वतःचं घड्याळ आहे. बंद संगणकातूनही मदरबोर्ड थोडी वीज देत राहतो, तेवढ्यावर ते चालतं.

आता दुपारी टीव्ही बंद असतो. आई गाणं लावते, पट्टीकडे एकदा पाहते, डोळे मिटते. मला विचारायची गरज उरलेली नाही. उलट तीच मला विचारते, आणि तिचे प्रश्न वाढलेत. नाव दिसतं, मग राग का दिसत नाही? बाबांनी बऱ्याच कॅसेटींवर नुसतं 'भीमसेन, रात्रीचे' किंवा 'किशोरीताई, सकाळ' असं लिहिलं होतं. रागाचं नाव कुठेच नाही. म्हणून ती आता वही घेऊन बसते. ऐकते, ओळखते, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घालते आणि तिच्या एका गाणाऱ्या मैत्रिणीला फोनवर तो तुकडा ऐकवून खात्री करून घेते. रात्री मी वहीतली नावं टॅगमध्ये भरतो आणि प्रोग्रामची यादी नव्या अक्षरांनी पुन्हा भरते. 'शुद्ध कल्याण' साठी द्ध झाला. 'मियाँ मल्हार' साठी चंद्रबिंदू झाला, ल्ह झाला. सध्या 'बृंदावनी सारंग' अडला आहे. बृ मधला ऋकार खालच्या तीन ओळींत वळत नाही, त्यात वर अनुस्वारही आहे. आईचं म्हणणं, ब चं अंग एका ओळीने बुटकं करावं आणि त्याच्या पोटातली तिरकी रेघ दोनच फुल्यांची ठेवावी. कागदावर तसं काढून तिने तो कीबोर्डखाली ठेवला आहे, आज रात्री भरायचा आहे.